सीओटू, एर्बियम की एमएनआरएफ? पिंपल्सच्या खड्ड्यांसाठी नक्की काय करावं? (पुणे)

नळस्टॉपची:
नमस्कार मंडळी, आजवर नुसती वाचनमात्र होते, पहिल्यांदाच धागा काढतेय. विषय दिसण्याचा आहे, त्यामुळे "आहेस तशीच छान आहेस" हे सल्ले कृपया नकोत, ते आई रोज फुकट देते.

वय २९, रंग गव्हाळ आणि सावळा यांच्या मधला. कॉलेजपासून पिंपल्स होते, कॅप्सूलचा कोर्स करून आता बंद झालेत, पण दोन्ही गालांवर खड्डे राहिलेत. कानशिलाजवळ सुईने टोचल्यासारखे बारीक आणि खोल, गालाच्या मध्यभागी पसरट, आणि जोडीला तपकिरी डाग. ऑफिसच्या लिफ्टमध्ये लाईट बरोबर डोक्यावर आहे, त्यात तर स्वतःकडे बघवत नाही.

तीन ठिकाणी दाखवलं. पहिल्या डॉक्टर म्हणाल्या फ्रॅक्शनल सीओटू लेझर, तीन-चार सेशन, दर वेळी आठवडाभर घरी. दुसरे म्हणाले सीओटू तुमच्या रंगाला नको, एर्बियम लेझर करू, दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाल. तिसरीकडे डॉक्टर भेटलेच नाहीत, एका काउन्सेलर मॅडमनी लेझर टोनिंग, कार्बन पील आणि एमएनआरएफ असं पॅकेज मांडलं आणि आजच बुक केलं तर डिस्काउंट म्हणाल्या. घरी आले ते डोकं गरगरत. भावाचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर आहे, म्हणजे हातात चारेक महिने. कोणी केलंय का यातलं काही? आणि हे तिघं तीन वेगळ्या गोष्टी का सांगतात?

खवचट_पेठकर:
तीन ठिकाणी तीन मतं मिळाली म्हणजे पुण्यातच दाखवलंत याची खात्री पटली.

सिंहगडरोडकर:
रुमाल टाकून ठेवतो. बायकोला पण हेच विचारायचंय.

डॉक_वाचनमात्र:
मी स्किनचा डॉक्टर, पुण्यातच प्रॅक्टिस. नाव-पत्ता विचारू नये, विचारपुशीतही देणार नाही, आणि फोटो बघून निदान करत नाही. पण प्रश्न चांगला मांडलाय म्हणून सविस्तर लिहितो.

तिघं तीन गोष्टी सांगतात त्याचं एक कारण अगदी साधं आहे, प्रत्येकाकडे जे मशीन आहे ते तो सांगतो. पण दुसरं कारण तुमच्या चेहऱ्यावरच आहे. तुमच्याकडे एक तक्रार नाही, तीन आहेत. टोचल्यासारखे खोल ते आइसपिक स्कार (स्कार म्हणजे व्रण), पसरट ते बहुतेक रोलिंग, आणि तपकिरी डाग हे स्कारच नाहीत, तो नुसता रंग आहे. या तिघांना एक मशीन पुरत नाही.

घरी करून बघा. खिडकीशी उभं राहा, उजेड एका बाजूने येऊ दे, आणि दोन बोटांनी गाल हलकेच ताणा. ताणल्यावर जो खड्डा सपाट होतो तो रोलिंग, त्याला खालून तंतूंनी आत ओढून धरलेलं असतं. तिथे वरून कितीही लेझर मारला तरी तंतू तसेच राहतात, आधी सबसिजन लागतं, म्हणजे सुई किंवा कॅन्युला (बोथट टोकाची बारीक नळी) आत घालून ते तोडायचे. आठ-दहा दिवस काळंनिळं दिसतं पण फरक पडतो. ताणूनही जो काळा ठिपका तसाच राहतो तो आइसपिक. तो इतका अरुंद आणि खोल असतो की लेझर तळापर्यंत नीट पोचत नाही, तिथे टीसीए क्रॉस म्हणजे टोकदार काडीने फक्त त्या खड्ड्यात जास्त ताकदीचं ॲसिड टेकवायचं. खर्च लेझरच्या मानाने कमी, त्यामुळे जाहिरात कोणी करत नाही. ज्यांच्या कडा उभ्या कापल्यासारख्या आणि तळ सपाट, ते बॉक्सकार. उथळ बॉक्सकार आणि एकूण खडबडीतपणा हे रिसरफेसिंग म्हणजे त्वचेचा पृष्ठभाग नव्याने घडवणाऱ्या लेझरचं खरं काम.

आता लेझर. सीओटूची वेव्हलेंथ १०६०० नॅनोमीटर, एर्बियम याग २९४०. दोन्ही त्वचेतल्या पाण्यात शोषले जातात आणि त्वचेची वाफ करतात, म्हणून यांना अब्लेटिव्ह म्हणतात. एर्बियम याग पाण्यात कितीतरी पटीने जास्त शोषला जातो, त्यामुळे पातळ थर स्वच्छ निघतो आणि आजूबाजूला उष्णता कमी पसरते. सीओटू उष्णता मागे सोडतो, ती उष्णता कोलॅजन (त्वचेला घट्ट धरणारं प्रथिन) आवळते म्हणून रिझल्ट जोरात, पण आपल्या रंगाच्या त्वचेत तीच काळे डाग पाडू शकते. पूर्वी सबंध चेहऱ्याचा थर काढायचे, आपल्याकडे ते जवळपास कोणी करत नाही. २००४ मध्ये फ्रॅक्शनलची कल्पना आली. थालीपीठाला जशी बोटाने भोकं पाडतात तशी त्वचेत सूक्ष्म भोकं पाडायची, मधली त्वचा शाबूत ठेवायची, आणि त्या शाबूत भागातून जखम पटकन भरते.

तुमच्या दुसऱ्या डॉक्टरांनी 'दुसऱ्या दिवशी ऑफिस' म्हटलं, म्हणजे ते बहुधा एर्बियम याग नसून एर्बियम ग्लास असणार, १५४० किंवा १५५० नॅनोमीटरवाला. तो वरचा थर फोडत नाही, आत नुसती उष्णता देतो, म्हणजे नॉन-अब्लेटिव्ह. लाली दोन-तीन दिवस, मग थोडी कोरडी त्वचा निघते. त्याची सेशन जास्त लागतात आणि फरक हळूहळू दिसतो. म्हणून नुसतं "एर्बियम" ऐकून घेऊ नका, आकडा विचारा.

एमएनआरएफ म्हणजे मायक्रोनीडलिंग रेडिओफ्रिक्वेन्सी, तो लेझर नाहीच. बारीक सुया आत जातात आणि टोकाशी रेडिओफ्रिक्वेन्सीची उष्णता सोडतात. सुया वरच्या भागात इन्सुलेटेड असतील तर वरची त्वचा भाजत नाही, म्हणून सावळ्या रंगात काळे डाग पडायची भीती सीओटूपेक्षा कमी. टोनिंग आणि कार्बन पील हे क्यू-स्विच्ड एनडी-याग नावाच्या लेझरवर, १०६४ नॅनोमीटर. त्याने रंगावर काम होतं, चेहरा थोडे दिवस टवटवीत दिसतो, खड्ड्याला त्याचा उपयोग नाही म्हटलं तरी चालेल. पॅकेजमध्ये ते का घातलं हे त्या मॅडमना विचारा.

हिंजवडी_फेज३:
डॉक, _/\_ वाचनखूण साठवली.

फेज२_ची_मेस:
मी फ्रॅक्शनल सीओटू केलंय, त्यामुळे तो प्रकार नक्की कसा असतो ते लिहिते कारण क्लिनिकमध्ये "थोडी लाली येते हो" एवढंच सांगतात. आधी तासभर बधीर करायचं क्रीम चेहऱ्यावर थापून, वर प्लास्टिक लावून बसवतात. मग ते पुसून डोळ्यांवर शील्ड, आणि हातात धरलेलं यंत्र गालावर टेकवत पुढे सरकतात, दर टेकवणीला टक टक आवाज आणि केस जळल्याचा वास, वास मला दुखण्यापेक्षा जास्त झोंबला. गालाच्या हाडापाशी, कानाजवळ जास्त लागतं. संपल्यावर चेहरा लालबुंद आणि नुसता तापलेला, बाजूला पंखा धरून बसले होते. दुसऱ्या दिवशी डोळ्यांखाली सूज, तिसऱ्या दिवशी सगळीकडे चौकोनात मांडल्यासारखे तपकिरी ठिपके, हात फिरवला की खरखर. ते आपोआप गळतात, नखाने काढायचे नाहीत म्हणजे नाहीत. आठवड्याने ऑफिसला गेले तेव्हा गुलाबी होते, लोक विचारत होते माथेरानला जाऊन आलीस का.

रिझल्ट चांगला आहे पण लगेच काही दिसत नाही हं. पहिले दोन आठवडे सुजेमुळे खड्डे भरल्यासारखे वाटतात आणि आपण खूश होतो, मग सूज उतरते आणि रडू येतं. खरा फरक तीन-चार महिन्यांनी दिसला.

डॉक_वाचनमात्र:
हे शेवटचं सगळ्यांनी वाचा. कोलॅजन बनायला महिने लागतात. पहिल्या महिन्याच्या आफ्टर फोटोवर काही ठरवू नये.

कात्रज_एक्सप्रेस:
मला उलट अनुभव. त्याच मशीनचा. मी मार्केटिंगला आहे, दिवसभर बाइकवर, एप्रिलमध्ये सेशन केलं, क्लिनिकमध्ये उन्हाबद्दल कोणी एक शब्द विचारला नाही. ठिपके गळले आणि तीनेक आठवड्यांनी दोन्ही गालांवर जाळीसारखे काळे पट्टे उठले, मूळ खड्डे परवडले पण हे नको असं झालं. पुन्हा तिथेच गेलो तर म्हणाले पुढच्या सेशनमध्ये जाईल, पॅकेज चालू ठेवा. शेवटी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी सगळं थांबवून क्रीम आणि सनस्क्रीनवर ठेवलं. गेले डाग, पण दिवाळी उजाडली.

नळस्टॉपची:
बापरे. नेमकी हीच भीती आहे मला. हे कोणाला होणार ते आधी कळतं का?

डॉक_वाचनमात्र:
पूर्ण नाही कळत, पण अंदाज बांधता येतो. डास चावला, भाजलं, वॅक्सिंग केलं की तुम्हाला काळा डाग राहतो का? राहत असेल तर लेझरनंतरही राहायची शक्यता जास्त. आपल्याकडे बहुतेक लोक फिट्झपॅट्रिक टाइप चार-पाचमध्ये येतात. ही वर्गवारी १९७५ मध्ये अमेरिकेत केली, ऊन लागल्यावर त्वचा लाल होते की काळी पडते त्यावरून. चार-पाच म्हणजे काळी पडणारी. त्यामुळे गोऱ्या त्वचेचे परदेशी व्हिडिओ बघून सेटिंग मागू नका.

आणि डाग पडण्यात ताकदीपेक्षा डेन्सिटीचा हात मोठा असतो, म्हणजे एका जागेत किती दाट भोकं पाडली. सावळ्या त्वचेत भोकं विरळ ठेवायची, दोन सेशनमध्ये अंतर जास्त ठेवायचं, जास्त सेशन लागली तरी चालतील. "एकाच सिटिंगमध्ये करून टाका" म्हणणारे पेशंट मला रोज भेटतात, त्यांना मी चहा पाजून परत पाठवतो. जिथे शंका असेल तिथे कानापुढे किंवा जबड्याखाली छोटा टेस्ट पॅच करून महिना-दीड महिना थांबावं.

कात्रजसाहेब, तुमच्या केसमध्ये एप्रिल महिना आणि बाइक हे दोन्ही आधी विचारायला हवं होतं. टॅन झालेल्या चेहऱ्यावर लेझर मारतच नाहीत.

खवचट_पेठकर:
अवांतर: ज्या सीओटू लेझरवर इथे एवढी चर्चा चालली आहे त्याचा शोध सी. कुमार एन. पटेल यांनी १९६४ मध्ये अमेरिकेत बेल लॅब्समध्ये लावला. जन्म बारामती, इंजिनिअरिंग आपल्या सीओईपीतून. तेव्हा लेझर पण पुण्याचाच.

बारामतीकर_असल्याचा_अभिमान:
बारामतीचा. पुण्यात फक्त शिकायला आले होते.

खवचट_पेठकर:
सगळे तसंच म्हणतात आणि मग इथेच फ्लॅट घेतात.

सिंहगडरोडकर:
विषयावर या हो. बायकोला खड्डे नाहीत, डिलिव्हरीनंतर दोन्ही गालांवर वांग आलेत. तिला पण एका ठिकाणी लेझर सांगितलाय, सहा सिटिंग. करावा का?

डॉक_वाचनमात्र:
वांगावर लेझर हा पहिला उपाय नाही, हे ठळक अक्षरात लिहून ठेवा. वांग उष्णतेने आणि उजेडाने भडकतात. सीओटू तर नकोच. टोनिंगने काहींना तात्पुरता फरक पडतो पण सोडलं की परत येतात, आणि फार वेळा केलं तर पांढरे ठिपके पडतात, ते घालवणं वांगापेक्षा अवघड. आधी सनस्क्रीन, तेही टिंटवालं म्हणजे त्वचेच्या रंगाची छटा असलेलं, कारण वांगाला नुसतं अल्ट्राव्हायोलेट नाही तर साधा दिसणारा प्रकाशही भडकवतो आणि टिंटमधलं आयर्न ऑक्साइड तो अडवतं. मग डॉक्टर देतील ती क्रीम, लागल्यास ट्रानेक्सामिक ॲसिड, पण गोळ्यांआधी रक्ताच्या गुठळ्यांची हिस्टरी विचारायला हवी. बाळ अंगावर पीत असेल तर तेही सांगा.

आणि मेडिकलमधून कोणी सांगितलं म्हणून गोरं करायची ट्यूब आणून लावत असतील तर आधी त्यावर स्टेरॉइड लिहिलंय का बघा. माझ्याकडे येणारे निम्मे प्रश्न त्या ट्यूबांनी तयार केलेले असतात.

सिंहगडरोडकर:
..... ट्यूब आहे. आज कचऱ्यात.

डॉक_वाचनमात्र:
बरेच महिने लावत असतील तर एकदम बंद केल्यावर चेहरा लाल होऊन भडकतो. ट्यूब घेऊन डॉक्टरकडे जा, मग कचऱ्यात.

सहकारनगरच्या_काकू:
मुलींनो, आमच्या वेळी मसुराच्या डाळीचं पीठ आणि साय लावायचो, कुठे काय होत होतं. कोरफड लाव रोज, अंगणातली. चार महिन्यांत बघ.

नळस्टॉपची:
काकू, कोरफड लावून झाली, कुंडी संपली, खड्डे तिथेच आहेत :)

कर्वेनगर_नाइटशिफ्ट:
काकूंचा राग नको पण लग्नाचा विषय निघालाय म्हणून. माझ्या मावसबहिणीने लेझर केलं आणि दहाव्या दिवशी घरात हळद होती. करवली म्हणून तिच्या गालांना पण भरभरून फासली, नाही म्हणायला तोंड उघडायच्या आत. आग आग झाली आणि पुरळ उठलं. तेव्हा भावाच्या हळदीची तारीख बघूनच काय ते कर, किंवा आधीच सगळ्या मावश्यांना सांगून ठेव की मला फक्त हाताला लावा.

नळस्टॉपची:
हे कोणत्याही डॉक्टरनी सांगितलं नसतं, थँक्यू! आमच्याकडे तर आत्या आहेत, त्या ऐकणाऱ्यातल्या नाहीत.

डॉक, अजून दोन शंका. एक, माझ्या कॅप्सूल मार्चमध्ये बंद झाल्या. एकीकडे सांगितलं सहा महिने काहीच करायचं नाही, दुसरीकडे सांगितलं चालतं. दोन, मी ॲक्टिव्हावर नळस्टॉप ते हिंजवडी जाते, पूर्ण चेहऱ्याला स्कार्फ, सनकोट, हातमोजे असा आपला राष्ट्रीय पोशाख. एवढं झाकल्यावर सनस्क्रीन लागतं का?

डॉक_वाचनमात्र:
कॅप्सूल म्हणजे आयसोट्रेटिनॉइन. सहा महिने थांबायचा नियम जुन्या, सबंध थर काढणाऱ्या पद्धतींच्या काळातला आहे. २०१७ मध्ये तज्ज्ञांनी सगळा पुरावा तपासून सांगितलं की फ्रॅक्शनल लेझरसाठी एवढं थांबायलाच हवं असा पुरावा नाही, पूर्ण अब्लेटिव्ह मात्र टाळावं. तरी काही डॉक्टर थांबतात, त्यात चूक नाही. गोळ्या कधी बंद झाल्या हे मात्र न विचारता सांगायचं. तसंच ओठावर वारंवार पाण्याचे फोड (हर्पिस) उठत असतील तर तेही, कारण लेझरने हर्पिस उसळतं आणि त्यासाठी आधीपासून गोळ्या देतात. जखमेच्या जागी गाठ धरायची सवय असेल, म्हणजे कीलॉइड, तर लेझरचा विचार करताना दहादा विचार. पेसमेकर असेल तर एमएनआरएफ नाही.

स्कार्फचं. सनस्क्रीन लागतंच, झाकलं तरी, दोन बोटांवर भरून चेहऱ्याला आणि मानेला. आणि सेशननंतर पहिले काही दिवस स्कार्फ गच्च बांधू नका. आत घाम, धूळ, वर हेल्मेटचा पॅड गालाच्या ठिपक्यांवर घासतो, ठिपके वेळेआधी निघतात आणि तिथेच डाग पडतो. तो आठवडा कॅब किंवा बस, किंवा घरून काम.

हिंजवडी_फेज३:
पीएमपीमध्ये उभ्याने, चेहऱ्यावर ठिपके घेऊन. लोक आपोआप जागा देतील.

फेज२_ची_मेस:
पैशाचं कोणीच बोललं नाही. मला एकाच प्रकारच्या सेशनचे एकीकडे ५००० आणि दुसरीकडे १२००० सांगितले होते, मशीन वेगळी होती हे मान्य. शिवाय कॉस्मेटिक ट्रीटमेंटवर जीएसटी असतो, तो बऱ्याच ठिकाणी बिल करताना वर चढतो, तेव्हा आधीच विचारा की धरून की सोडून. मेडिक्लेममध्ये यातलं काही बसत नाही. आणि पॅकेजचे पैसे एकरकमी भरू नका, एकेका सेशनचे द्या, महाग पडलं तरी. भरल्यावर आपली बाजू लंगडी होते.

डॉक_वाचनमात्र:
अनुमोदन. आणि मशीन कोण चालवणार हे विचारा. स्किनचा डॉक्टर म्हणजे एमबीबीएसनंतर एमडी, डीएनबी किंवा डिप्लोमा त्याच विषयात. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या साइटवर नाव टाकून रजिस्ट्रेशन बघता येतं. तपासणारा एक, सेटिंग ठरवणारा दुसरा आणि मारणारी तिसरीच मुलगी, असं असेल तर उठून या. बजेटचा प्रश्न असेल तर ससून या सरकारी हॉस्पिटलमध्ये स्किन ओपीडी आहे, तिथे दाखवून निदान तरी पक्कं करून घेता येतं, स्कार कुठला ते कळलं की बाहेरच्या पॅकेजमधलं अर्धं आपोआप गळतं.

खवचट_पेठकर:
डॉक, तुमच्याकडे चहा पिऊन परत पाठवलेल्या पेशंटकडून तपासणीची फी घेता का?

डॉक_वाचनमात्र:
घेतो. चहाची नाही घेत.

नळस्टॉपची:
अपडेट. पहिल्या डॉक्टरांकडे परत गेले, खिडकीपाशी गाल ताणून बघितल्याचं सांगितलं तर त्या हसल्या आणि स्वतः आरसा हातात देऊन एकेक खड्डा दाखवला. त्यांचं म्हणणं असं की पसरट खड्ड्यांना आधी सबसिजन, कानाजवळच्या आइसपिकना टीसीए क्रॉस, हे दोन्ही आत्ता पावसाळ्यात उरकू. मध्ये एक एमएनआरएफ, तेही लग्नाच्या निदान सहा आठवडे आधी. सीओटू लग्नानंतर, थंडीत, तोवर कानापुढे टेस्ट पॅच लावून बघू. डागांना मशीन नको म्हणाल्या, रात्री ॲझेलिक ॲसिडचं क्रीम, सकाळी सनस्क्रीन. मी थेट विचारलं की मग त्या दिवशी नुसतं सीओटू का सांगितलंत, तर म्हणाल्या तुम्ही "लेझर करायचंय" म्हणत आलात, आणि बाहेर बारा पेशंट होते. उत्तर आवडलं नाही पण निदान खरं बोलल्या.

तिसऱ्या ठिकाणाहून अजून रोज फोन येतो, डिस्काउंट वाढत चाललाय.

कात्रज_एक्सप्रेस:
छान. सबसिजननंतर गाल सुजतो, पहिल्या दिवशी बर्फाचा शेक विचारून घ्या.

फेज२_ची_मेस:
क्रॉसनंतर प्रत्येक खड्ड्यात आधी पांढरा ठिपका आणि मग काळी खपली येते, आठवडाभर. मीटिंगला कॅमेरा बंद ठेवायची तयारी ठेव.

नळस्टॉपची:
बंदच असतो. फाउंडेशन कधीपासून चालतं पण? एमएनआरएफनंतर?

डॉक_वाचनमात्र:
सुयांची भोकं बुजेपर्यंत नाही, साधारण दोन दिवस तरी. सबसिजन आणि क्रॉसला खपली पडेपर्यंत नाही. आणि पार्लरमधलं ब्लीच, थ्रेडिंग, फेशियल सगळं लांब ठेवा, लग्नाआधीचं फेशियल कधी करायचं ते तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

सहकारनगरच्या_काकू:
आणि आत्यांचा नंबर मला दे. हळदीचं मी बघते.